शनिवारची यादी

फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची सवय मला टाळेबंदीत लागली. शाळा बंद, मुलं त्यांच्या घरात आणि मी पनवेलच्या माझ्या फ्लॅटमध्ये. स्वयंपाकघराच्या दारावर काळा कागद चिकटवून मी त्यावर खडूनं लिहायचे आणि फोटो पालकांना पाठवायचे. पुढे शाळा सुरू झाली, दारावरचा कागद निघाला, सवय मात्र राहिली. तास संपला की फळा पुसायच्या आधी एक फोटो काढायचा आणि शाळा सुटताना सगळे एकदम ग्रुपवर टाकायचे. खाली 'आजचा अभ्यास' एवढंच. मग पालकांचे अंगठे आणि जोडलेले हात यायचे. मला ते आवडायचं. नाही कशाला म्हणू? आमच्या कामाची इतक्या झटपट दखल एरवी घेतं कोण?

माझी शाळा पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला, गव्हाणच्या अलीकडे एका गावात आहे. विमानतळाच्या भिंतीला वळसा घालून, कंटेनरच्या ट्रेलरांमधून जीव मुठीत धरून मी रोज स्कूटरवरून जाते. गावात पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती. आता काहींचे तीन मजली बंगले आहेत, काही जण ट्रेलर चालवतात आणि बऱ्याच बायका द्रोणागिरीच्या गोदामांत कामाला जातात. मी तिथे अकरा वर्षं आहे. गाव मला मान देतं. माझा आवाज खणखणीत आहे, शिस्त कडक आहे, आणि माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते असं मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगतात.

त्या वर्गात एक मुलगी होती. आमच्याकडे शिक्षक मुलांबरोबर वरच्या वर्गात जातो, त्यामुळे ती तिसरीपासून माझ्याकडेच होती. म्हणजे पाचवी अर्धी होईस्तोवर ती जवळजवळ अडीच वर्षं माझ्यासमोर बसली. हे आधीच सांगून टाकते, नंतर लपवायचा मोह नको. वयाच्या मानानं उंच, म्हणून शेवटच्या बाकावर, खिडकीशी. वडील ट्रेलरवर, आई गोदामात खोकी भरायला. शाळा सुटल्यावर ती घरात एकटीच असायची. वडिलांचा जुना, काच तडकलेला फोन तिच्यासाठी घरी ठेवलेला असे.

तिची वही बघत राहावी अशी होती. समास आखलेला, अक्षर टपोरं, फळ्यावरची एकही ओळ सुटलेली नाही. ती वही मी बाकीच्या वर्गांतही फिरवायचे.

वर्गात मात्र तिचं लक्ष नसायचं. मी फळ्यावर लिहायला लागले की बाकीच्या माना वर, खाली, वर, खाली. ही मात्र खिडकीबाहेर बघत बसलेली, नाहीतर शेजारणीच्या वहीत डोकावत. 'फळ्याकडे बघ!' म्हणून ओरडलं की लगेच फळ्याकडे तोंड करायची, अगदी शहाण्यासारखी. तेवढ्यानं माझं समाधान व्हायचं. तोंडी गणितात ती सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची, तेव्हा डोक्यानं कमी नव्हती. मग मी तिला हुशार पण आळशी ठरवलं. हा आम्हा शिक्षकांचा लाडका शेरा. त्यात मुलाचं कौतुकही होतं आणि आपण सुटतोही.

एका कंपनीनं शाळेला भलामोठा टीव्ही दिला होता. पहिल्यांदा त्यावर ज्वालामुखी दाखवला तेव्हा वर्गानं आ वासला. तांबडा लाव्हा खदखदत वाहतोय, पोरं एकमेकांना धरून बसलीत आणि ही वेणीच्या रिबिनीचे दोरे काढत बसलेली. मला संतापच आला. जिला एवढा मोठा ज्वालामुखी खिळवून ठेवत नाही, ती घरी त्या फोनवर काय काय बघत असेल! बघून बघून मेंदू बधिर झालाय, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फोनचं नाव घेतलं की आजकाल कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

ती पाचवीत गेली त्या उन्हाळ्यात खारघरच्या एका कॉलेजमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता मोबाईल आणि मुलांची एकाग्रता. सभागृह गच्च भरलं होतं आणि वक्ता बोलत असताना आमच्यातले अर्धे लोक मांडीवर फोन धरून बसले होते. त्यात मीही होते. पण ऐकलं तेवढं मला पटलं. दुसऱ्या एका जिल्ह्यात संध्याकाळी भोंगा वाजवतात आणि सगळं गाव दीड तास टीव्ही-फोन बंद ठेवतं, हे ऐकून तर मी पेटलेच. खारघरहून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं ठरलं होतं.

पहिलं काम केलं ते फळ्याचे फोटो बंद. आयतं मिळतं म्हणून पोरं वर्गात लिहीत नाहीत, असं मी पालकसभेत ठासून सांगितलं. जूनपासून ग्रुपवर फक्त सूचना. महिनाभरात बहुतेक मुलं भराभर लिहायला लागली. तिची वही मात्र ढासळली. अर्धी वाक्यं, रिकाम्या ओळी, मधेच गणिताचा नुसता आकडा. मला वाटलं, बघा, पकडली गेली. वर्षानुवर्षं आयत्यावर चालवलं होतं.

मग ती शेजारणीच्या वहीतून उतरवायला लागली. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. ही वाकून बघायची आणि ती हळू आवाजात सांगायची. दोनदा रागावले, तिसऱ्यांदा त्या मैत्रिणीला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. जागेवरून उठायला माझ्या वर्गात बंदीच होती. शेवटच्या बाकावर ती एकटी उरली.

नारळी पौर्णिमा झाली आणि आम्ही भोंगा सुरू केला. देवळावरचा लाऊडस्पीकर तयारच होता. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, फोन बंद. बचत गटाच्या बायका दोघी-दोघींनी आळीतून फिरायच्या. कुठल्या घरात कोण फोन घेऊन बसलंय ते वहीत टिपायच्या. त्यातल्या एकीला फोन वापरायची मुभा होती, कारण अभ्यासाला बसलेल्या मुलांचे फोटो मला हवे असायचे. मी पनवेलला सोफ्यावर बसून ते एकेक उघडायचे, चांगले निवडायचे आणि वरच्या साहेबांच्या ग्रुपवर टाकायचे. मग कुणाचं काय उत्तर आलं ते बघत बसायचे. फोन बंद असल्याचा पुरावा फोनवर यायचा आणि ज्या बाईनं ते सगळं सुरू केलं तिच्या हातून त्या दीड तासात फोन सुटायचा नाही. तेव्हा यातलं काहीही मला विचित्र वाटलं नाही.

यादी ही माझी कल्पना. आठवड्याभरात जी मुलं फोनवर सापडली त्यांची नावं शनिवारी सातला, भोंगा वाजला की लाऊडस्पीकरवर वाचायची. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शनिवारी शाळा सकाळची, तरी मी संध्याकाळी मुद्दाम पुन्हा गावात जायचे. दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यात जोर येणार नाही, असं मला वाटायचं.

पहिल्या शनिवारी चौदा नावं होती. दुसऱ्या शनिवारी सहा. पुढे दोन, कधी तीन. आणि दर वेळी त्यात ती.

एका सोमवारी मी तिला वर्गात उभं केलं.

"काय करत होतीस फोनवर?"

"अभ्यास करत होते, बाई."

पोरं हसली नाहीत. आज आठवतं की त्या वेळी एकही पोर हसलं नव्हतं. मीच हसले. पुढच्या शनिवारी तिचं नाव वाचलं आणि माझ्या खणखणीत आवाजात पुढे जोडलं, "आणि ही म्हणे फोनवर अभ्यास करते!" देवळासमोर बसलेली माणसं खदखदून हसली, ते हसणं स्पीकरमधूनही ऐकू गेलं असणार. तिचं घर देवळाच्या मागेच आहे.

नऊ शनिवार मी तिचं नाव वाचलं. गावात तिला मोबाईलवाली म्हणायला लागले. वडील नाक्यावर चहाला थांबले की कुणीतरी विचारायचं, काय रे, पोरीचा अभ्यास कसा काय चाललाय? दिवाळीच्या सुट्टीआधी ते शाळेत आले. धिप्पाड माणूस, पण ऑफिसच्या दारात अंग चोरून उभे राहिले.

"बाई, हिला माज्या बहिनीकडं पेनला धाडतो. तिकडं घरात फोनच नाय. हितं काय आमाला आता तोंड दाखवायला जागा नाय राह्यली."

त्या क्षणी मी 'थांबा' म्हणू शकले असते. वर्षाच्या मध्ये मुलीला का हलवता, एवढं तरी विचारता आलं असतं. मी म्हणाले, "बरंच होईल. वातावरण बदललं की नाद सुटेल." शाळा सोडल्याचा दाखला मीच भरला. प्रगतीच्या रकान्यात 'साधारण' लिहिलं. ती वडिलांच्या मागे उभी होती. निघताना तिनं मला वाकून नमस्कार केला, आणि मी खूश होऊन म्हटलं, अभ्यासात लक्ष दे हं.

डिसेंबरात तपासणीचं सरकारी पथक आलं. दात, वजन, डोळे. डॉक्टर बाईंनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला, वीस फुटांवर खडूनं रेघ मारली आणि माझ्या वर्गाची रांग लावली. मी नावं पुकारत होते. तिच्या त्या मैत्रिणीचा नंबर आला. तिनं पोपटासारखा सगळा तक्ता वाचला, अगदी खालची बारीक ओळसुद्धा, आणि माझ्याजवळ येऊन सहज म्हणाली, "बाई, ती असती ना, तर तिला सगळ्यात वरचं मोठं अक्षरपन दिसलं नसतं."

"कोण ती?"

तिनं नाव सांगितलं. ते पूर्ण नाव माझ्याइतकं कुणाच्या जिभेवर बसलं होतं!

"तुला काय माहीत?"

"मीच तर तिला फळ्यावरचं वाचून दाखवायची. मग तुमी मला पुढं बसवलात. मग आई कामावरनं आली की मी आईच्या फोनवरनं माज्या वहीचा फोटो काडून तिला धाडायची. ती तो डोळ्यापाशी धरून लिवायची."

"कधी?"

"साडेसहा-सातला. आई तवाच येते ना."

म्हणजे त्या दीड तासात ती फोनवर अभ्यासच करत होती. त्याआधीची सगळी वर्षं ती सुंदर वही घरी बसून माझ्या फोटोंवरून उतरवत होती, फोन नाकाला लावून. पुस्तक जवळ धरलं की वाचता यायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही. लांबचा फळा, लांबचा ज्वालामुखी तिच्यासाठी नव्हताच. मी आधी तिच्याकडून फळ्याचे फोटो हिरावून घेतले, मग मैत्रीण काढून घेतली आणि शेवटी गावच काढून घेतलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी सगळ्या रांगेवर ओरडले. मला वाईट वाटलं की मी ओरडते, हा माझा जुना रोग आहे.

मैत्रीण गोंधळली. "आमाला वाटलं तुमाला माहीत हाय," ती म्हणाली. मागची पोरंही मान हलवत होती. तीस मुलांना जे ठाऊक होतं ते फक्त मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पेणला गेले. आत्याचं गाव पेणपासून आत आहे, शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत चौथी-पाचवी एकत्र, मुलं सतरंजीवर पसरलेली, एक जण खिडकीत बसून लिहितोय, दोघी फळ्याला टेकून. माझ्या शिस्तीत हे बसलंच नसतं. ती मधल्या ओळीत होती. गुलाबी काड्यांचा चष्मा लावलेला.

तिथल्या बाई वयानं माझ्या निम्म्या असतील. मी चष्म्याबद्दल विचारलं.

"आली त्याच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहिलं की ही उठून यायची, अगदी नाक टेकेल इतकी जवळ. मग मी पेणला डॉक्टरकडे नेऊन आणलं. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार नंबर. तुमच्याकडे कधी उठून यायची नाही का?"

"नाही," मी म्हणाले. का नाही ते सांगितलं नाही.

चौथा दिवस. मला अडीच वर्षं मिळाली होती.

मधल्या सुट्टीत ती आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसलो. येताना मी पुष्कळ काही ठरवलं होतं, पण आधी तिची शाळा, आत्या, जेवण असलंच विचारत बसले. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं. तू खरं सांगत होतीस आणि मी सगळ्या गावाला हसवलं." दहा वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात हे मला खरंच येत नव्हतं, कधी मागितलीच नव्हती. तिनं चष्मा सारखा केला आणि म्हणाली,

"बाई, तुमी भोंग्यावर सांगाल?"

"काय सांगू?"

"मी अभ्यासच करत होते म्हनून. आई म्हनते, ये घरी. बाबा नाय म्हनतात. म्हनतात लोकांच्या तोंडाला कोन लागंल. तुमी सांगितलंत तर मला परत नेतील."

"सांगते," मी म्हणाले. "येत्या शनिवारी सांगते." तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिथूनच मी तिच्या वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगून कोन ऐकनार, बाई? तुमी गावाला सांगा. मग जूनात आनतो तिला." ते रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, त्यात शंका नाही. पण ते लगेच म्हणाले, "मॅडम, सांगा, जरूर सांगा. फक्त आत्ता नको. आपला उपक्रम जिल्ह्यावर निवडला गेलाय, पुढच्या आठवड्यात बघायला येताहेत. आपणच म्हटलं की पोरीवर अन्याय झाला, तर काय राहतं?" मी त्यांच्यावर भडकले. मुलीपेक्षा तुम्हाला उपक्रम मोठा का, असं तोंडावर विचारलं. घरी आल्यावर त्या उत्तराचा मला जरा अभिमानसुद्धा वाटला. वर्गात मात्र मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं, सरळ, नाव घेऊन. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं.

शनिवारी स्कूटरवर रस्ताभर मी वाक्य घोकत होते. तिचं पूर्ण नाव, ती फोनवर अभ्यासच करत होती, तिला दिसत नव्हतं, हे ओळखणं माझं काम होतं, मी ओळखलं नाही आणि वर तिची बदनामी केली. बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं.

देवळाशी पोचले तर खुर्च्या मांडलेल्या. जिल्ह्यावर निवड झाल्याची बातमी गावात फुटली होती आणि माझा सत्कार ठरला होता. सरपंचबाई नवीन साडी नेसून आल्या होत्या. शाल, श्रीफळ, बचत गटाच्या बायका हारासह. सातला भोंगा वाजला. सरपंचबाई माईकवर म्हणाल्या की बाईंनी आमच्या पोरांना फोनच्या तोंडातून ओढून काढलं. टाळ्या झाल्या. शाल अंगावर घालून त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

समोर पाहिलं. ज्या बायका वही घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या त्याच पहिल्या रांगेत होत्या. नाक्यावरची माणसंही होती. त्या दिवशी यादीत एकही नाव नव्हतं, सगळे खुशीत. मी आभार मानले. मग थांबले. आता, असं मनात म्हटलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढ्या मोठ्या कामात एखाद्या मुलाबद्दल आपला नकळत काही गैरसमज झाला असेल, तर तो आपण सगळ्यांनी मोठ्या मनानं विसरून जाऊ या."

विसरून जाऊ या! जणू तिनंच काही केलं होतं आणि आम्ही उदार होत होतो. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही, कारण कळू नये असंच मी ते बोलले होते. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

पेढे झाले, फोटो झाले. फोन बंदच्या तासात माझ्यावर निदान दहा फोन रोखलेले होते. कसंबसं निसटून मी स्कूटर काढली. शाल काढून डिकीत कोंबली. गावाच्या तोंडाशी, गावाची वाट रस्त्याला लागते तिथे गोदामाची बस उभी होती आणि बायका उतरत होत्या. त्यांत तिची आई. डब्याची पिशवी खांद्याला, कपाळाला घाम. मला बघून ती जवळजवळ धावतच आली.

"बाई! आज सुट्टी मागितली व्हती, दिली नाय. ह्येबी ट्रेलर घेऊन भायेर गेलेत. झालं का? सांगितलंत?"

इथे तरी खरं बोलता आलं असतं. ती रागावली नसती, ती तशी बाई नाही. देऊळ हाकेच्या अंतरावर होतं, माईक अजून चालू असणार. मागे वळायला मला दोन मिनिटं लागली असती.

"सांगितलं," मी म्हणाले.

तिनं माझे दोन्ही हात धरले. हाताला खोक्यांच्या चिकटपट्टीचा वास येत होता. मग तिथेच रस्त्याच्या कडेला, मागून ट्रेलर धडधडत जात असताना तिनं पेणला, आत्याच्या शेजाऱ्यांना फोन लावला. मुलीला बोलवून घेतलं. "अगं, सांगितलं बाईंनी. व्हय, भोंग्यावर. आता जूनात तू घरी. घे, बाईंशी बोल," असं म्हणून फोन माझ्या कानाला लावला.



"बाई," ती म्हणाली, "माजं पुरं नाव घेतलंत ना? यादीत घ्यायचात तसं? बाबांचं, आडनाव, सगळं?"

"हो," मी म्हणाले. "पूर्ण घेतलं."